इंग्लंडचा राजा फ्रान्सच्या राजाचा मांडलिक कसा?

तुमचे प्रश्न दोन आहेत. राजा, ड्यूक, काउंट अशी उतरंड असेल, तर इंग्लंडचा राजा फ्रान्सच्या राजापुढे गुडघे टेकायला का जायचा? आणि ड्यूक एवढे गबर होते, तर ते स्वतःला सरळ राजा का म्हणवून घेत नव्हते?

आपण किताब माणसाला चिकटवतो, तिथेच गोंधळ सुरू होतो. तो जोडलेला असायचा मुलखाला, आणि प्रत्येक मुलखाचा धनी, म्हणजे ज्याच्याकडून तो मुलूख मिळालेला असे तो वरचा सत्ताधीश, वेगळा असू शकायचा. इंग्लंडचा बाराव्या शतकातला राजा दुसरा हेन्री, त्याचं उदाहरण घ्या. १५०-२०० पानांचा कायदा वाचण्यापेक्षा त्याची राजमुद्रा बघावी असं मी नेहमी सांगतो. मेणाच्या त्या मुद्रेला दोन बाजू आहेत. एका बाजूला तो सिंहासनावर बसलाय आणि कडेने लिहिलंय ‘इंग्रजांचा राजा’. उलटून बघितलं की तोच माणूस घोड्यावर, आणि मजकूर आहे नॉर्मंडी व अ‍ॅक्विटेनचा ड्यूक, आंजूचा काउंट. इतकी स्वच्छ विभागणी दुसरीकडे क्वचित सापडते.

हे सगळं त्याच्याकडे आलंही वेगवेगळ्या वाटांनी. नॉर्मंडी आईच्या हक्काने, पण ती जिंकून घेतली होती बापाने. ११५१ मध्ये बाप वारला आणि आंजू मिळालं. ११५२ मध्ये एलेनॉरशी लग्न झालं आणि तिच्याबरोबर अ‍ॅक्विटेन आलं. तिचं फ्रान्सच्या सातव्या लुईशी झालेलं लग्न जेमतेम दोन महिन्यांपूर्वी रद्द झालं होतं! इंग्लंडचा मुकुट आला सगळ्यात शेवटी, डिसेंबर ११५४ मध्ये. इंग्लंडपुरता तो कुणाचाच मांडलिक नव्हता. फ्रान्समधल्या मुलखांसाठी मात्र त्याने ११५६ मध्ये त्याच लुईपुढे निष्ठेचा विधी केला. हा विधी म्हणजे बोडक्या डोक्याने, कमरेला तलवार न बांधता गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही हात जोडून धन्याच्या ओंजळीत द्यायचे आणि ‘मी तुमचा माणूस’ असं म्हणायचं. मग शपथ.

हा नुसता देखावा होता असं कुणी म्हणालं, की मी ११५९ चं तुलूझ पुढे करतो. एलेनॉरच्या आजीकडून आलेला हक्क सांगत हेन्री मोठं सैन्य घेऊन त्या काउंटीवर, म्हणजे काउंटच्या मुलखावर, चालून गेला. तुलूझच्या काउंटची बायको ही लुईची बहीण. लुई स्वतः शहरात येऊन बसला. हेन्रीचा चान्सलर थॉमस बेकेट, त्याचं म्हणणं होतं की शत्रूच्या बाजूने उभं राहून लुईने धनीपण गमावलंय, हल्ला करा. हेन्रीने केला नाही, वेढा उठवला. छावणीत आजारपण होतं, रसदीचा प्रश्न होता, हेही खरं. पण आपल्या धन्यावर शस्त्र उचललं, तर उद्या आपलेच सरदार तोच दाखला आपल्याला देतील, हे त्याला पक्कं कळत होतं असं माझं मत आहे.

त्याच्या मुलाला, जॉनला, हे कळलं नाही. त्याने १२०० मध्ये अँग्युलेमच्या इझाबेलाशी लग्न केलं, पण तिचं लग्न आधी लुझिन्याँ घराण्यातल्या ह्यूशी ठरलेलं होतं. हे लुझिन्याँ जॉनचेच मांडलिक. त्यांनी जॉनच्याही वरच्या धन्याकडे, फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसकडे, दाद मागितली. फिलिपने जॉनला दरबारात बोलावलं. इतिवृत्तकार रॅल्फने नोंदवलेला पुढचा वाद फार मोलाचा आहे. जॉन म्हणाला, मी नॉर्मंडीचा ड्यूक, मला पॅरिसला यावं लागत नाही, सरहद्दीवर भेटण्याचा रिवाज आहे. फिलिपचं उत्तर असं, की तुम्हाला बोलावलंय अ‍ॅक्विटेनचा ड्यूक म्हणून. तोच माणूस नॉर्मंडीचाही ड्यूक निघाला, म्हणून मी माझा हक्क का सोडावा? जॉन गेला नाही. १२०२ मध्ये मुलूख जप्त झाल्याचा निकाल लागला आणि १२०४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीचं मुख्य शहर रूआँ पडलं. नॉर्मंडी गेली. इंग्लंडला मात्र या निकालाने हात लागला नाही, कारण ते त्या दरबाराच्या कक्षेतच नव्हतं. दोन बाजूंची मुद्रा डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे हे आपोआप उलगडेल.

आता दुसरा प्रश्न. मुकुट नुसत्या पैशावर मिळत नसे, तो देणारा कुणीतरी लागे. पंधराव्या शतकातला बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स बघा. बर्गंडीची डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, फ्रान्सच्या राजाकडून, तर तिला लागूनच असलेली त्याच नावाची काउंटी जर्मन सम्राटाच्या साम्राज्यात. फ्लँडर्स मुख्यत्वे फ्रान्सकडे, ब्राबांट सम्राटाकडे. युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत सत्ताधीशांपैकी एक, आणि तरी दोन दरबारांचा मांडलिक. १४७३ मध्ये राजाचा मुकुट मिळवायला तो सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकला ट्रियरला भेटला. आठवडेच्या आठवडे वाटाघाटी चालल्या, राज्याभिषेकाची तयारी झाली, आणि नोव्हेंबरातल्या एका पहाटे सम्राट नावेत बसून मोझेल नदीवरून निघून गेला. ५ जानेवारी १४७७ ला नान्सीच्या बाहेर बर्फात चार्ल्स मारला गेला, तेव्हाही तो ड्यूकच होता.