'लेटन ओरिएंट'मधला 'ओरिएंट'

फुटबॉलविषयक मराठी मजकुराचे संपादन करणाऱ्या एका वाचकाने असा प्रश्न विचारला आहे की, लंडनमधील 'लेटन ओरिएंट' या क्लबच्या नावातील 'ओरिएंट'चा अर्थ कोशात 'पूर्व' असा मिळत असेल, तर मराठीत 'लेटन पूर्व' असे लिहिणे चालेल का. माझ्या मते चालणार नाही. विशेषनामाचे भाषांतर करू नये, एवढे सांगून हा प्रश्न मिटवता आला असता. परंतु या नावाची कुळकथा इतकी वेगळी आहे की ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'ओरिएंट' हा शब्द लॅटिनमधील 'उगवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. सूर्य उगवतो ती बाजू म्हणजे ओरिएंट. आपल्या बोलीत 'उगवतीला', 'मावळतीला' असे म्हणून दिशा सांगण्याची जी रीत आहे, तिच्याशी हा शब्द अगदी जवळचे नाते सांगतो. संस्कृतची कल्पना थोडी वेगळी आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोर येते ती प्राची, आणि उजव्या हाताला येते ती दक्षिण. कारण 'दक्षिण' या शब्दाचा एक अर्थ 'उजवा' असाच आहे. त्यामुळे 'ओरिएंटल' या विशेषणाला आपण 'प्राच्य' हा प्रतिशब्द योजला आणि पुण्यात 1917 साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर असे रूढ झाले. तेथे हे भाषांतर अचूक आहे, कारण संस्थेच्या नावात पूर्वेकडील विद्यांचा अर्थ खरोखरच अभिप्रेत आहे.

क्लबच्या नावात मात्र तो अर्थ नाही. पूर्व लंडनमधील होमर्टन भागात 1881 साली 'ग्लिन क्रिकेट क्लब' सुरू झाला आणि त्यात होमर्टन कॉलेज या अध्यापक विद्यालयाशी संबंधित मंडळींचा पुढाकार होता. पुढे क्रिकेटबरोबर फुटबॉल आला आणि 1888 मध्ये क्लबने 'ओरिएंट' हे नाव घेतले. ते सुचवले एका खेळाडूने, जो 'ओरिएंट' नावाच्या आगबोट कंपनीत नोकरीला होता. या कंपनीच्या बोटी लंडनहून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवासी आणि टपाल नेत असत. म्हणजे मूळ दिशावाचक शब्द आधी जहाजधंद्यातील नाव झाला आणि तेथून तो मैदानावर उतरला. एका नोकरदार खेळाडूने आपल्या कंपनीचे नाव आपल्या संघाला द्यावे, यात त्या काळच्या लंडनच्या कष्टकरी आणि कारकून वर्गाचे जगणे जेवढे दिसते, तेवढे 'पूर्व' या भाषांतरात कधीच दिसणार नाही.

घोटाळा होण्यास आणखी एक कारण आहे. क्लब खरोखरच लंडनच्या पूर्व भागातला आहे, आणि मुंबईकर वाचकाच्या कानाला 'अंधेरी पूर्व', 'वांद्रे पूर्व' यांची सवय आहे. त्यामुळे 'लेटन पूर्व' हे रूप ओळखीचे वाटते आणि वाचक लेटन नावाच्या रेल्वे स्थानकाची एक बाजू डोळ्यांपुढे आणतो. कोलकात्याच्या 'ईस्ट बंगाल' या फुटबॉल क्लबच्या नावाची तुलना येथे उपयोगी पडेल: त्या नावातील 'ईस्ट' पूर्व बंगाल या खऱ्या प्रदेशाकडे बोट दाखवतो, तरीही मराठी वृत्तपत्रे त्याचे भाषांतर करत नाहीत. जेथे दिशेचा अर्थ उद्दिष्टच नाही, तेथे ते करण्याचे तर काहीच प्रयोजन नाही.

या नावातील पहिला शब्द बदलत राहिला आणि दुसरा टिकला, हेही ध्यानात घ्यावे. 1898 पासून क्लब 'क्लॅप्टन ओरिएंट' होता. 1937 मध्ये तो लेटनमधील ब्रिस्बेन रोडच्या मैदानावर आला आणि 1946 मध्ये 'लेटन ओरिएंट' झाला. लेटन ही स्वतंत्र नगरपालिका वॉल्थम फॉरेस्टमध्ये विलीन झाल्यानंतर, 1966 मध्ये 'लेटन' गळले आणि नुसते 'ओरिएंट' उरले. 1987 मध्ये जुने नाव परत आले. पाठीराखे आजही बहुधा 'ओरिएंट' एवढेच म्हणतात.

म्हणून लिहिताना काळाप्रमाणे नाव वापरावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 1962-63 हा पहिल्या श्रेणीतील एकमेव हंगाम, किंवा 2017 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेर पडून 2019 मध्ये परतलेला संघ, यांबद्दल 'लेटन ओरिएंट' बरोबर आहे. 1978 च्या एफए कप या इंग्लंडमधील बाद फेरीच्या स्पर्धेतील उपान्त्य सामन्यात आर्सेनलकडून हरलेला संघ मात्र 'ओरिएंट' होता. पहिल्या महायुद्धात या क्लबचे 41 जण फुटबॉलपटूंच्या पलटणीत दाखल झाले आणि रिचर्ड मॅकफॅडन, विल्यम जोनास व जॉर्ज स्कॉट हे तिघे 1916 च्या फ्रान्समधील सोम येथील लढाईत कामी आले. त्यांच्याविषयी लिहिताना 'क्लॅप्टन ओरिएंट' असेच लिहावे. ते त्याच नावाच्या संघाकडून खेळले होते.