ठेकेदाराचा मजूर पडला, भरपाई घरमालकाने द्यायची का?

प्रश्न: इंदूरला रामबागेत आमच्या जुन्या घरावर मजला चढवतोय. ठेका मजुरीचा, 250 रुपये चौरस फूट. माल आमचा, माणसं ठेकेदाराची. काम 1,000 फुटांचं, म्हणजे अडीच लाखांचं. लिखापढी नाही, फक्त वहीत दिलेल्या रकमा आणि त्याच्या सह्या आहेत. स्लॅब झाला, 1 लाख 60 हजार दिले. प्लास्टर करताना एक मजूर परांचीवरून पडला, पाय मोडला. ठेकेदार म्हणतो, "घर तुमचं, अर्धा खर्च तुमचा." काम बंद करून बसलाय. आम्ही काय करावं?

उत्तर: घर कोणाचं, यावर ही जबाबदारी ठरत नाही. मजुराला कामावर कोणी ठेवलं, मजुरी कोण देतं आणि काम कसं करायचं हे कोण सांगतं, ते पाहिलं जातं. मिठागरातल्या कामगारांच्या धरांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली: तुम्ही फक्त काम नेमून देता, की ते करण्याची पद्धतही तुमच्या हुकमात असते? तुमच्याकडे दर फुटावर ठरला, माणसं त्याने आणली. म्हणजे तो स्वतंत्र ठेकेदार आणि त्या मजुराचा मालक तोच.

ठेकेदाराचे वकील कदाचित 1923च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 दाखवतील. त्यात ठेकेदाराच्या मजुराची भरपाई काम ठेक्याने देणाऱ्या मूळ मालकावर येते खरी, पण ते काम त्या मालकाच्या धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी असेल तरच. राहायला घर बांधणं हा तुमचा धंदा नाही. त्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट कायम आहे. मात्र वरचा मजला दुकानासाठी किंवा हॉस्टेलसाठी असेल, तर हा बचाव कच्चा पडतो.

आता सावधगिरीचं. पुष्कळ घरमालक ठेका देतात आणि रोज साइटवर उभं राहून मजुरांना हुकूम सोडतात, शनिवारी मजुरीही आपल्या हाताने वाटतात. असं झालं असेल तर "तो ठेकेदाराचा माणूस" हे सिद्ध करणं अवघड जातं. "रोजंदारीवरचा होता, आमची जबाबदारी कसली" हा युक्तिवादही आता चालत नाही, कारण घरगुती कामावरच्या तात्पुरत्या मजुराला वगळणारे शब्द 2000 च्या दुरुस्तीने कायद्यातून गेले. दुसरा धोका तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा. परांचीच्या बल्ल्या आणि पाट कोणी आणले? तुम्ही दिलेली बल्ली कुजकी निघाली, किंवा शेजारून जाणाऱ्या वीजतारेची कल्पना तुम्ही दिली नाही, तर ठेका असूनही तुमच्यावर स्वतंत्र दावा होऊ शकतो. म्हणून परांचीचे आणि जागेचे फोटो आजच काढा.

माणूस जखमी आहे, त्याला मदत जरूर करा. पैसे थेट दवाखान्यात बँकेतून भरा आणि ठेकेदाराला त्याच दिवशी लिहून कळवा की ही मदत जबाबदारी मान्य करून दिलेली नाही. "अर्धं-अर्धं" असं कुठेही लिहून देऊ नका. मजुराकडून "माझा काही दावा नाही" असा कागद घेऊनही उपयोग नाही. कायद्याने मिळणारा हक्क असा सोडून देता येत नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळणं तुमच्याही हिताचं आहे. एका महिन्यात रक्कम न देणाऱ्या मजुराच्या मालकावर, म्हणजे इथे ठेकेदारावर, 12 टक्के व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. ठेकेदाराला नोटिशीत हे स्पष्ट सांगा.

थांबलेल्या कामाचा हिशेब वेगळा ठेवा. नवा ठेकेदार आणण्याआधी अभियंत्याकडून मोजमाप करून घ्या: स्लॅब, वीटकाम, प्लास्टर किती झालं आणि कशात दोष आहे. ठेकेदारालाही मोजमापाची तारीख लेखी कळवा. तो आला नाही तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मग स्पीड पोस्टाने नोटीस द्या: 15 दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून पूर्ण करून घेऊन जादा खर्च तुमच्याकडून वसूल करू. करार कायद्याच्या कलम 73 खाली हा फरक मागता येतो, पण नुकसान वाढू न देण्याची काळजी तुम्हीही घ्यायला हवी. उघड्यावर ठेवलेलं सिमेंट गोठलं तर त्याचा भार त्याच्यावर टाकता येणार नाही.

करार तोंडी असला तरी वैध आहे. वहीतल्या सह्या, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सगळं जपा. फोनवरचा पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा फोन बदलू नका. घरबांधणी ही ग्राहक कायद्याने "सेवा" आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

नव्या ठेकेदाराशी मात्र करार कागदावर करा. मजुरांच्या अपघाताची जबाबदारी त्याची आणि तुम्हाला भुर्दंड पडल्यास तो भरून देईल, हे त्यात हवंच. त्याची मजूर विमा पॉलिसी मागा. तिच्यावर तुमच्या साइटचा पत्ता आणि मजुरांची संख्या बरोबर आहे हे पाहिल्यावरच परांची बांधू द्या.