वर्डच्या फाइलमध्ये एखादा शब्द किती वेळा आलाय ते कसं मोजायचं?

कंट्रोल दाबून एफ दाबा, शब्द टाइप करा. डावीकडच्या पट्टीत किती ठिकाणी सापडला तो आकडा लगेच दिसतो. गूगल डॉक्समध्येही हेच बटण चालतं.

पण मजकूर मराठी असेल तर त्या एका आकड्यावर थांबू नका. ‘नदी’ शोधलं की नदीत, नदीला, नदीकाठ सगळंच मोजलं जातं. ‘पाणी’चं मात्र उलटं. पाण्यात, पाण्याला, पाण्याचा हे त्यात येतच नाहीत, वर ‘पाणीपट्टी’ मोजली जाते. म्हणून ‘पाणी’ आणि ‘पाण्या’ वेगवेगळे शोधून बेरीज करा, नको ते वजा करा. प्रबंधासाठी मोजत असाल तर एवढी मेहनत घ्याच. आणि फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर टाइप केलेला शब्द सापडणारच नाही.