रशियन विद्यार्थ्यांना 'ब्रेक अ लेग' शिकवताना

रशियन भाषिकांना इंग्रजी शिकवायला घेतलंत, छान. पण पहिल्याच दिवशी वाक्प्रचारांची यादी त्यांच्या माथी मारू नका. एकच घ्या, 'ब्रेक अ लेग' (शब्दशः 'पाय मोड', पण द्यायची ती यशाची शुभेच्छा), आणि तो मुरू द्या. याच्या जोडीचा वाक्प्रचार त्यांच्याकडे आधीच आहे: 'नी पूखा, नी पेरा', म्हणजे ना लव मिळो, ना पीस. शिकाऱ्यांची जुनी शुभेच्छा. चांगलं बोललं तर दृष्ट लागेल, म्हणून उलटं बोलायचं. परीक्षेला निघालेल्या मुलांना आजही ती देतात. तेव्हा अर्थ समजावण्यात वेळ घालवू नका.

खरा घोळ होतो उत्तरात. रशियनमध्ये त्यावर 'क चोर्तू', म्हणजे 'जा सैतानाकडे' असंच म्हणायचं. आभार मानणं अपशकुनी. ही सवय इंग्रजीत आली आणि तोंडून 'गो टू हेल' निघालं, तर समोरचा बघतच राहील! इंग्रजीत साधं 'थँक्स' पुरे.

या चुका लगेच पकडा:

- मधला 'अ' गाळणं. रशियनमध्ये आर्टिकलच नाही, त्यामुळे तो हमखास गळतो.
- 'अ'च्या जागी 'युअर'. शुभेच्छेची धमकी होते.
- भूतकाळ. 'ही ब्रोक अ लेग' म्हटलं की खरंच पाय मोडला.

मुख्य वापर रंगमंचावर जाण्याआधीचा. परीक्षा, मुलाखतीलाही चालतो. स्कीइंगला निघालेल्याला मात्र नको. उगमाच्या कथा ढीगभर आहेत, त्यात सध्या शिरूच नका.