फ्यूज उडतोय, की उडवला जातोय?

प्रश्न : माळ्यावरचा १९७८चा जपानी स्टिरिओ रिसीव्हर लावताच फ्यूज उडाला. दुसराही गेला. आता? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तिसरा घालू नका, जास्त अँपिअरचा तर मुळीच नको. मागचा व्होल्टेज सिलेक्टर १२०वर असेल, तर २२०-२४०वर आणा. स्पीकर काढा. फेजच्या वायरीत ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्याच्यातूनच पुढे जाईल असा, जोडा (एलईडी इथे बिनकामाचा). बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर बरं. लख्ख पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट. प्लग काढा, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याचं मल्टिमीटरवर बघा, मगच हात घाला. बहुधा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकर चालवणारा) गेलेला असतो. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटर या दोन टोकांवर मीटर दोन्हीकडून बीप देतो? गेला. जोडीनेच बदला, खालची, वीज अडवणारी अभ्रकाची चकतीही. ती चिरली तर नवा ट्रान्झिस्टर पहिल्याच स्विचला जातो. स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर डीसी व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत हवा.