साब टर्बो एक्स घ्यायची की विगेन? थांबा, आधी दुसरंच बोलू

गोथेनबर्गहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 36, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिनियर, पगार 52,000 क्रोनर, कर कापून हातात 40 च्या आसपास, घरखर्च 34,000. वर्क परमिटवर आहेत, बायको सध्या स्वीडिश शिकतेय, मुलगा चार वर्षांचा. स्वीडनला गेल्यापासून साब या तिकडच्या गाड्यांचं वेड लागलंय, आणि आता एक 2008 ची टर्बो एक्स 2,40,000 क्रोनरला मिळतेय, दुसरीकडे साबचीच 2001 ची विगेन 1,80,000 ला. बचत 90,000, बाकीचं विनातारण कर्ज. प्रश्न एवढाच की 'सर, इन्व्हेस्टमेंट म्हणून दोन्हीतली कुठली?' साब कंपनी बुडाली, नवीन गाडी आता येणार नाही, म्हणजे दहा वर्षांत चौपट कुठे जात नाहीत, असं त्यांचं गणित.

तुमचं वेड मला कळतं हो. टर्बो एक्स फक्त 2,000 बनल्या, सगळ्या काळ्या, 2.8 लिटरचं व्ही-6, 280 हॉर्सपॉवर, आणि बूस्टचा (टर्बोचा दाब दाखवणारा) काटा मुद्दाम साबच्याच जुन्या 900 टर्बोसारखा. विगेनला तर साबच्याच लढाऊ विमानाचं नाव, त्याही साडेचार हजारांच्या आसपासच बनल्या, आणि जोरात रेस दिली की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं अशी तिची ख्याती. पण दुर्मिळ असणं वेगळं आणि महाग होणं वेगळं, तिथेच तुमचं गणित फसतंय.

तुम्ही उदाहरण दिलंय 2019 च्या लिलावाचं, साबची शेवटची 9-3 साडेचार लाख क्रोनरच्या वर गेली ते. अहो ती अक्षरशः शेवटची होती, कंपनी बुडाल्यावर नव्या मालकाने 2014 साली बनवलेली आणि जवळजवळ न चालवलेली, जगात एकच. तुमची दोन हजारांतली एक आहे आणि आधीच्या मालकाने ती बर्फात, मिठाच्या रस्त्यांवर पळवलीय. त्यापेक्षा 2012 चं उदाहरण बघा. कंपनी बुडाल्यावर तिच्या गावचं, ट्रोलहेटनचं साब म्युझियमच विकायला काढलं होतं, सुमारे 120 गाड्या. त्यात 1940 च्या दशकातला पहिला प्रोटोटाइप उरसाब, दोन इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली 1959 ची मॉन्स्टर, सगळं आलं. शहराची नगरपालिका, विमानं बनवणारी साब (ती कंपनी वेगळी) आणि वालेनबर्ग या उद्योगपती घराण्याचं फाउंडेशन यांनी मिळून ते 2 कोटी 80 लाख क्रोनरला घेतलं. भागून बघा, गाडीमागे 2 लाख 30 हजार. म्हणजे तेव्हा उरसाबसकट अख्ख्या म्युझियमची जी सरासरी पडली त्याच्यापेक्षा तुमचा विक्रेता एका टर्बो एक्सचे दहा हजार जास्त मागतोय. तो घाईतला सौदा होता आणि त्याला बरीच वर्षं झाली हे मान्य, तरी.

आता खर्च. गॅरेजचं भाडं, इन्शुरन्स, रोड टॅक्स (तिकडे 30 वर्षांची झाली की माफ, टर्बो एक्सला ते 2038 मध्ये), हिवाळी टायर, सर्व्हिसिंग असे वर्षाला 22,000 तरी धरा. तेच पैसे आणि गाडीची किंमत साध्या इंडेक्स फंडात 6 टक्क्यांनी गेली तर दहा वर्षांनी सव्वासात लाखांच्या आसपास होतात. गाडी तेवढ्याला गेली तर तुम्ही फक्त बरोबरीत! आणि दीड लाखाचं कर्ज 8 टक्क्यांनी म्हणजे पहिल्याच वर्षी 12,000 च्या जवळ व्याज. 'व्याजाचे 30 टक्के टॅक्समध्ये परत मिळतात' असं तुम्हाला ज्याने सांगितलं तो जुन्या काळात राहतोय, विनातारण कर्जावरची ती सवलत 2026 पासून पूर्ण बंद.

पण हे सगळं राहू दे. तुमच्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत जे सहज लिहिलंय ते वाचून मी चहा बाजूला ठेवला. 'कंपनीत ले-ऑफची कुजबुज आहे पण मी सिनियर आहे. आ-कासा (इथला बेकारी विमा) घेतलेलं नाही, कारण फॅमिलीचं सगळं प्रोटेक्शन पुण्याच्या पॉलिसीत आहे.'

अहो, सिनियर तुम्ही पदाने. काम कमी झालं म्हणून माणसं काढतात तेव्हा स्वीडनच्या कायद्यात साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि तुम्ही ही नोकरी आठ महिन्यांपूर्वी धरलीय, म्हणजे रांगेत तुम्ही पुढे. दोन वर्षांच्या आत असलेल्याला कायद्याने नोटीस एक महिन्याची. बेकारी विमा तिथे आपोआप मिळत नाही, आ-कासाचं सभासद स्वतः व्हावं लागतं, महिन्याला शे-दीडशे क्रोनर, आणि पगाराच्या प्रमाणात पूर्ण भत्ता हवा तर वर्षभराचं सभासदत्व लागतं. तीन वर्षं तिथे राहून तुम्ही शून्य महिने जमवलेत. असतं तर कर जायच्या आधी महिन्याला 27,000 पर्यंत मिळाले असते. आणि परमिटवर असल्यामुळे नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला मोजकेच महिने.

आता ती पॉलिसी. बँकेतल्या 'रिलेशनशिप मॅनेजर' बाईंनी एफडीसारखीच आहे म्हणून गळ्यात मारलेली. वर्षाला 2,40,000 रुपये, दहा वर्षं, विसाव्या वर्षी 36 लाख. परतावा काढला तर अडीच ते पावणेतीन टक्के, म्हणजे बचत खात्याची मोठी बहीण. तुम्ही गेलात तर घरच्यांना 24 लाख, म्हणजे अडीच लाख क्रोनर, तुमच्या घरचा सात महिन्यांचा खर्च. आणि नोकरी गेली तर काय मिळणार? काहीही नाही. याच्यासाठी महिन्याला दोन हजारांवर क्रोनर जातात आणि दीडशेचं आ-कासा नको झालं!

गंमत बघा, तुम्ही ज्या कंपनीची आठवण घ्यायला निघालात तिने 19 डिसेंबर 2011 ला, नाताळच्या तोंडावर, दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तीन हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पगार अडकले होते. तुमच्यासारखेच इंजिनियर होते ते, आणि तुमच्यापासून ट्रेनने पाऊण तासावर.

तर आज रात्री आ-कासाचा अर्ज करा, शिवाय इंजिनियर युनियनचं सभासदत्व घ्या, त्यांचा स्वतःचा पगार विमा असतो, आ-कासाच्या मर्यादेच्या वरचा भाग तो भरून काढतो, त्यालाही साधारण वर्ष लागतं. ते 90,000 हलवायचे नाहीत, अडीच महिन्यांचाच खर्च आहे तो, सहा महिन्यांचा म्हणजे दोन लाखांवर न्या. पॉलिसीचे तीन हप्ते भरून झालेत, पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती येतं ते लेखी मागवा, पण आधी चांगला टर्म प्लॅन घ्या, तो हातात पडेपर्यंत ही सोडू नका.

आणि गाडी हवीच असेल तर वर्षभराने, रोख, हौस म्हणून, साधी 9-3 किंवा जुनी 900 बघा पन्नास-साठ हजारांतली. तळाचा गंज स्वतः वाकून बघा आणि इग्निशन कॅसेट (प्लगना ठिणगी देणारा डबा) असेल तर ती कधी बदलली ते विचारा, साबवाले डिकीत एक जादा ठेवूनच फिरतात. तोपर्यंत मुलाला घेऊन एका रविवारी म्युझियमला जाऊन या, मॉन्स्टर तिथेच आहे. आ-कासाचा अर्ज झाला की 'झालं' एवढंच कळवा, टर्बो एक्सवाल्याला काय उत्तर द्यायचं ते मग सांगतो.