मानसिक आजाराच्या इमर्जन्सीत स्त्री आणि पुरुष रुग्णांना वेगळी वागणूक मिळते का? मिळावी का?

मिळते, आणि ती दारातच सुरू होते. आरडाओरडा करणारा पुरुष आला की 'प्यायलाय, अंगावर येईल' म्हणून आधी सिक्युरिटीला हाक जाते. धडधडतंय, जीव घाबरा होतोय म्हणणारी बाई आली की 'टेन्शन घेतलंय'. हे दोन्ही शिक्के जिवावर बेतू शकतात.

सुरुवातीची तपासणी दोघांची सारखीच हवी: साखर, ऑक्सिजन, ताप, नाडी, रक्तदाब, डोक्याला मार. साखर उतरलेला माणूसही शिव्या देतो, हात उगारतो. बाईच्या धडधडीमागे थायरॉईड असू शकतो. हार्ट अटॅकमध्येही तिला नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच जाणवू शकतं. ईसीजी न काढता 'मनाचं आहे' म्हणणं मला अक्षम्य वाटतं.

खरा फरक पुढे करायचा. खवळलेल्या रुग्णाला शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वाकडी होणं, जबडा आवळणं, डोळे वर जाणं हे तरुण पुरुषांत जास्त दिसतं. जोडीला प्रोमेथाझिन हे औषध दिलं तर बहुधा टळतं. हॅलोपेरिडॉलने हृदयाची लय बिघडण्याचा धोका स्त्रियांत अधिक, म्हणून शक्य असेल तर ईसीजी आधी. व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधामुळे गर्भात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय ते सुरू करू नये.

बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, हजारात एक-दोघींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, बोलणं असंबद्ध होतं, बाळाबद्दल भलतेच संशय येतात. मधेच ती अगदी नॉर्मल वाटते, आणि तिथेच घरचे फसतात. त्याच दिवशी दाखल करा. तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका.

आत्महत्येचे प्रयत्न स्त्रियांत जास्त, मृत्यू मात्र बहुतेक देशांत पुरुषांत जास्त. तरीही तिच्या केसपेपरवर 'लक्ष वेधण्यासाठी' असा शेरा पडतो, आणि पुरुष 'मी ठीक आहे' म्हणाला की त्याला घरी सोडतात. पुरुषाचं नैराश्य कित्येकदा चिडचिड आणि दारूच्या रूपात दिसतं, हे लक्षात घेतलं जात नाही. मरावंसं वाटतं का, काही ठरवलंय का, हे दोघांनाही थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मात्र विचारताना नातेवाइकांना बाहेर थांबवा. मारहाण करणारा शेजारीच उभा असेल तर ती 'पडले' एवढंच सांगेल.

तुम्ही रुग्णासोबत जात असाल तर चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, आणि वागण्यातला बदल नेमका कधीपासून आहे, शेवटची पाळी किंवा बाळंतपण कधी झालं, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.